आवाजावरून

दुसरी पाळी सुटते, पावणेबारा होतात.
हाताच्या केसांत टॉवेलची लव तशीच,
मी खेळात शिरतो.
वरच्या कोपऱ्यात आकडा: दोनशे चौदा.
दोन वर्षांपूर्वी तो दोन हजारांखाली आला
तर आम्ही म्हणायचो, सर्व्हरला ताप आलाय.

गोदी क्रमांक सातवर
जहाज लावायला तेव्हा रांग असायची.
कुणी पोलंडचा, कुणी मनिलाचा,
आणि आमचा अकरा जणांचा ताफा, नाव ‘चादर’.
परक्यांना वाटायचं, काहीतरी भयंकर शस्त्र असणार.
दाजी मेरगूच्या मालवाहू जहाजाचं नाव ‘शेंगाचटणी’.
ते लुटलं गेलं त्या रात्री
चार भाषांत हळहळ झाली होती.

आता टायटॅनियम विकायला टाकून नऊ दिवस झाले.
घेणारा नाही.

श्रीनिवास येमूल म्हणतो,
‘सगळे सोडून जालालेत बे. तू बी झोप आता.’
आसिफ बागवान म्हणतो, ‘परीक्षा आहेत.
मे महिन्यात दुपारी दोनला नव्या पेठेत कोण दिसतं?
म्हणून काय गाव उठलं म्हणायचं?’
रेश्मा कोळेकर काहीच म्हणत नाही.
तिच्याकडे चौरेघी वही आहे,
दर रविवारी रात्री दहाचा आकडा त्यात.
उतार आहे, ती सांगते, पण सरळ नाही,
गड्ड्याच्या आठवड्यात वाढला होता.
गड्ड्याचा आणि पोलंडचा काय संबंध
ते तिलाही कळलेलं नाही.

मी तिला एक सांगितलेलं नाही.
दोनशे चौदात तीन मीच आहे.
एक जहाज खाणीत,
एक माल वाहतं,
तिसरं नुसतं दिवे लावून
गोदी क्रमांक सातवर उभं.

नायना साखर पेठेत गल्लीच्या तोंडाशी थांबायचे,
गालात तंबाखू, डोळे मिटलेले,
आणि ऐकून सांगायचे:
यल्लप्पाकडं सहा चालू, दोन बंद,
पलीकडं एक माग लंगडतोय, पट्टा बघायला सांगा.
एकदाही चुकले नाहीत.
आता त्यांना हाक ऐकू येत नाही,
पण कानात खटखट थांबलेली नाही.
परवा त्याच जागी उभं राहून म्हणाले, आठ चालू.
तिथं मोबाइलच्या कव्हरांचं गोदाम आहे.
मी मान हलवली.

पोकळीत आवाज नसतो.
इंजिनाची घरघर येते ती कुणीतरी खोलीत बसून बनवलेली,
शेजारून हजार जहाजं गेली काय, एक गेलं काय,
तेवढीच.
म्हणून आकड्याकडे बघावं लागतं,
आणि आकड्यात मी असतो.

काल तिन्ही जहाजं लावून मी
खाणीतल्या जहाजावर होतो, लांब, कडेच्या पट्ट्यात.
गोदीवर एक नवं जहाज आलं,
फुकट मिळतं ते, हिरवं, शेपूट तुटक्यासारखं.
इतक्या मोकळ्या गोदीत
ते नेमकं माझ्या तिसऱ्या जहाजाला खेटून थांबलं.
दिवे दिसले असणार.
त्यानं लिहिलं, नमस्कार.
मग लिहिलं, इंधन कुठं भरायचं?
मग नुसतं एक प्रश्नचिन्ह.

अकरा मिनिटं थांबला.
मी परतलो तेव्हा आकडा दोनशे तेरा होता
आणि प्रश्नचिन्ह तिथंच.

इंधन गोदी चारच्या मागं, मी लिहिलं,
पहिलं भरून देतो मी, ये.
बराच वेळ बघत बसलो.
आतल्या खोलीत नायना झोपेत काहीतरी मोजत होते, तेलुगूत.

मग तिसऱ्याचे दिवे मालवले.
दोनशे बारा.
त्यातले दोन मी,
हे रविवारी रेश्माला सांगेन म्हणतो.